शिंप्याची चकचकीत कवळी

हसू नका मित्रांनो, मी एक जुनी कवळी आहे. वरच्या दातांची. दातांच्या डॉक्टरांनी मला घडवून एका म्हाताऱ्या शिंप्याच्या तोंडात बसवलं. सात वर्षं मी त्याच्या टाचण्या धरल्या, दोरे तोडले. गिऱ्हाइकं म्हणायची, "मास्तर, दात काय चमकतात हो!" मी फुशारून जायचे. चमकणारच! शिलाई मशीन झाडायच्या राठ ब्रशाने आणि कपड्यांच्या साबणाने तो मला रोज खसाखसा घासायचा. झोपताना मात्र काढत नसे. बोळकं तोंड बायकोलाही दाखवायचं नाही, असा हट्ट.

मग त्याच्या टाळूवर लालभडक चट्टे उठले. घास गिळवेना. औषधाने बरं वाटे आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच. वर्षभर हेच चाललं. तो वाळत गेला आणि स्वतःचेच सदरे गुपचूप आत घेऊ लागला. मुलीने एकदा त्या शिवणी पाहिल्या आणि त्याला आ करायला लावलं. ती प्रयोगशाळेत बुरशीवर काम करते.

"बाबा, कवळी काढा बघू."

"अगं, रोज घासतो मी!"

"काढा म्हणते ना!"

तिने मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि पडद्यावर माझंच रूप बघून मी हादरले. ब्रशाने अंगभर चरे पाडले होते! चऱ्याचऱ्यात बुरशी, वर चिकट थराचं पांघरूण. औषध आत पोचतच नव्हतं. ज्याच्या तोंडात राहिले, त्याच्याच मुळावर उठले होते मी!

त्याला नवी कवळी मिळाली. माझे करवतीने तीन तुकडे झाले. होय, करवतीने! एकावर नुसतं बुरशीचं औषध घातलं, दुसऱ्यावर एका झाडाच्या बियांतून काढलेलं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा इवलासा तुकडा. दोन्हीकडे बुरशी ढिम्म. तिसऱ्यावर दोन्ही एकत्र घातली. पेप्टाइडने थर फोडला, औषध आत घुसलं, बुरशी मेली! मुलगी खुर्चीतून उठली, बसली, पुन्हा उठली.

"मग दे की मला ते," शिंपी म्हणाला.

"नाही हो बाबा. अजून काचेच्या बशीतच आहे ते. माणसाला चालेल का, ते बघायला वर्षं जातील. तुम्ही नवी कवळी मऊ ब्रशाने घासा, झोपताना काढा आणि डॉक्टरांचं औषध नीट घ्या."

त्याने ऐकलं आणि तोंड बरं झालं. मग तिने विचारलं, "वर्षभर दुखत होतं, मला सांगितलं का नाही?"

"तू कामात असतेस."



मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारत जा, "तोंड दुखतंय का?" ते "नाही" म्हणतील. तरी आ करायला लावून बघा.