तलावाचं नववं कलम

त्या सकाळी गोकुळानं भाताचा एकच गंज तीनदा घासला. सुनेनं, रिंकूनं, दोनदा नुसतं पाहिलं आणि तिसऱ्यांदा तो तिच्या हातातून काढून घेतला.

"आई, बूड पडन त्याचं आता."

गोकुळानं दुसरं भांडं ओढलं. साठ-बासष्ट वर्षांच्या आयुष्यात भीतीचे बरेच प्रकार तिनं पाहिले होते. वाघाची भीती, पुराची, लेकराच्या तापाची. पण आजची भीती एका कागदाची होती आणि कागदाला भिणाऱ्या बाईला लोक हसतात, म्हणून ती गप्प होती.

कागद तसा साधाच होता. गाव एक, तलाव एक, पण टोले, म्हणजे वस्त्या, दोन, वरचा आणि खालचा. दोन्हीकडची घरं मासेमारीवर आणि थोड्याफार धानावर जगणारी. अडतीस वर्षांपूर्वी तलावात शिंगाडा कुणी कुठं लावायचा यावरून दोन्ही टोले पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, भिडले आणि एकाच दुपारी दोन माणसं गेली. वरच्या टोल्यातला इसरू, म्हणजे गोकुळाचा नवरा, आणि खालच्या टोल्यातल्या कमलाचा नवरा. पोलीस आले, कोर्ट झालं, दोन्हीकडून भरपूर खोटं सांगण्यात आलं आणि दोन्हीकडचे सुटले. मग गावाला शहाणपण आलं. सगळे पुरुष गुडघाभर पाण्यात उभे राहिले, ओंजळीत तलावाचं पाणी घेऊन त्यांनी शपथ घेतली आणि शाळेतल्या बापूजी मास्तरांनी नऊ कलमं लिहून काढली. वर मथळा दिला, 'तलावाची घटना'.

आठ कलमं जाळ्यांची, माशांच्या बिजाईची, वाटणीची. नववं असं: तलावावर आणि पाळीवर कोणीही, कोणत्याही कारणानं हत्यार आणणार नाही, काठीसुद्धा नाही. आणि त्याखाली आणखी एक ओळ होती. ज्या दोन घरची माणसं गेली, त्या दोन घरच्या बायांनी अंगठा दिल्याशिवाय हे कलम कोणालाही खोडता येणार नाही. सह्या करणाऱ्या पुरुषांचा स्वतःवर काडीचा भरवसा नव्हता, आणि तेवढं कळण्याइतके ते शहाणे होते.

आज तेच कलम खोडायला दोन्ही टोल्यांची सभा भरणार होती.

कारण काही खोटं नव्हतं. वैशाखात तेंदूपत्त्याचा हंगाम लागला की गाव पहाटेच जंगलात जातं आणि दुपारी तलावावर चिटपाखरू नसतं. पाणी आटलेलं, मासा एका जागी गोळा झालेला. दोन वर्षांपासून कुणीतरी मोटारसायकलवर येऊन बॅटरीचा करंट पाण्यात सोडत होतं आणि पोतीच्या पोती मासा उचलून नेत होतं. म्हणून राखण बसवली. गेल्या मंगळवारी राखणीवर गोकुळाचा मुलगा भूपेश होता. त्याच्या हातात फक्त शिटी होती. त्यानं ती वाजवली आणि चोरांनी त्याचं डोकं फोडलं. चामोर्शीच्या दवाखान्यात सहा टाके पडले.

तेव्हापासून गोकुळाची भीती दोन तोंडांनी बोलत होती. एक तोंड म्हणत होतं, पोराच्या हातात काहीतरी दे, नाहीतर पुढच्या वेळी तो घरी येणार नाही. दुसरं तोंड त्याहून हळू बोलत होतं, पण अडतीस वर्षं बोलत होतं.

सभा समाजमंदिरात भरली. उन्हं चढायच्या आत उरकायची होती, कारण दुपारची राखण भूपेशचीच होती. तो पहिल्या रांगेत बसला होता, डोक्याला पट्टी, मांडीवर मूठ. मच्छीमार संस्थेचा सचिव अजय बोलायला उभा राहिला. अजय शिकलेला, गडचिरोलीला कॉलेज करून आलेला, आणि कुठलीही गोष्ट मोबाइलमध्ये दाखवल्याशिवाय ती खरी आहे असं त्याचं त्यालाच वाटत नसे.

"भाऊहो, बायाहो, घटना म्हणजे काई दगडावरची रेघ नाई. आपल्या देशाची घटना शंभरावर डाव दुरुस्त झाली. तिकडं जपाननं लढाई हरल्यावर लिहून ठेवलं का आता फौज नाई, लढाई नाई. आता तिकडंबी बदलवाची गोष्ट चालू आहे. काऊन? जमाना बदलला. शेजारी बदलले. मंग आपणच काऊन हात बांधून मार खाऊन राह्यलो?" त्यानं भूपेशच्या डोक्याकडे बोट केलं. "राखणदाराजवळ कुऱ्हाड राहीन. मारासाठी नाई. दाखवायलेच."

शेवटच्या शब्दाला गोकुळाच्या अंगावर काटा आला. शेजारी बसलेल्या रिंकूनं तिच्याकडे पाहिलं. ही सून मोठी हुशार होती, सासूचा श्वास चुकला तरी तिला कळत असे.

बापूजी आता ऐंशीच्या पुढे होते. कागद त्यांच्याच हातात होता. "तरुण पोरांचं म्हणणं चूक नाई," ते म्हणाले. "म्या जवा लिवलं, तवा चोर गावातलाच होता. बाहेरून येईन असं ध्यानात नाई आलं. पण दोन अंगठे पायजेत. कमलाबाई, तुमचं काय म्हणणं आहे?"

खालच्या टोल्याच्या बायांमधून कमला उठली. वाळलेली, उंच बाई. तिचा नातू परवापासून राखणीवर जाणार होता. गोकुळाशी ती अडतीस वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. तलावावर एक आली की दुसरी घागर रिकामीच घेऊन परत जायची. आताही तिनं बापूजींकडे पाहूनच सांगितलं.

"गोकुळा देईन तं मी देईन. तिच्या पोराचं डोकं फुटलं. पैला हक तिचा."

सगळ्यांच्या माना वळल्या. भूपेशनंही मागे पाहिलं. पट्टीखाली त्याचा एक डोळा अजून सुजलेला होता. "दे ना आई," तो म्हणाला. "बाबाच्या हातात काई असतं तं ते आज असते."

हे वाक्य भूपेश लहानपणापासून म्हणत आला होता. वरच्या टोल्यात सगळेच म्हणत. इसरू मोकळ्या हातानं बोलणी करायला गेला, खालच्यांनी कुऱ्हाड काढली, इसरूनं ती हिसकावली आणि मग जे व्हायचं ते झालं. ही गोष्ट गोकुळानं कधी कुणाला सांगितली नव्हती. तिनं फक्त ती खोडली नव्हती. माणसं सांगत गेली, ती मान खाली घालून बसली आणि लोकांना वाटलं, बिचारी दुःखानं बोलत नाही.

अजयनं शाईचा डबा पुढे आणला. गोकुळा उठून डब्याशी गेली. शाईवर अंगठा ठेवायचा, कागदावर टेकवायचा आणि घरी जायचं, एवढंच काम. मुलगा खूश होईल. गावात कुणी नाव ठेवणार नाही. आणि उद्या-परवा पाळीवर मोटारसायकल येईल, भूपेश कुऱ्हाड दाखवेल, नुसती दाखवेल, समोरचा एक पाऊल पुढे येईल...

तिनं हात मागे घेतला.

"कुऱ्हाड म्या नेली होती," ती म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. बापूजींनी कानामागे हात धरला.

"त्या दिवशी. कुऱ्हाड आमच्या घरची होती. तो मोकळ्याच हातानं गेला होता. मलेच भेव वाटला. शिदोरीच्या टोपल्यात, भाताच्या खाली, फडक्यात गुंडाळून म्या नेली. त्याले म्हणलं, राहू दे जवळ. मारासाठी नाई, दाखवायलेच." आता थांबली तर जन्मात पुन्हा सुरू होणार नाही हे तिला ठाऊक होतं. "कमलाच्या माणसाजवळ काडीबी नव्हती. त्यानं इसरूच्या छातीवर हात ठेवून ढकललं. तेवढंच. अन् इसरू टोपल्याकडं वाकला. मंग त्याच कुऱ्हाडीनं दोघंबी गेले. टोपला तिथी नसता तं वाकला नसता. धक्के खाऊन दोघंबी घरी आले असते."

समाजमंदिरात एकदम कालवा उठला. वरच्या टोल्यातले म्हातारे ओरडत होते, म्हातारीचं डोकं फिरलं म्हणून, खालच्या टोल्यातले त्याहून मोठ्यानं ओरडत होते. दोन-तीन तरुण उभे राहिले. गोकुळाला वाटलं, आता इथंच सुरू होणार, कागदासमोरच.

तेवढ्यात कमला बोलली, आणि या वेळी थेट गोकुळाकडे पाहून.

"मले मालूम होतं. म्या पाह्यलं होतं, पाळीच्या त्या टोकावरून. तुले टोपल्यातून फडकं काढताना पाह्यलं." आपल्या टोल्यातल्या उभ्या पोरांकडे तिनं वळून पाहिलं. "तवा सांगितलं असतं तं आणखी दोघं-चौघं गेले असते. म्हणून तोंड बंद ठेवलं. बसा खाली."

पोरं बसली. कमलानं शाईच्या डब्याचं झाकण लावलं आणि तो अजयच्या हातात दिला. "माह्याबी अंगठा नाई. राखणीले दोघं-दोघं पाठवा, चौघं पाठवा, दोन्ही टोल्यातले मिळून पाठवा. फोन द्या, शिट्या द्या. कुऱ्हाड नाई."

अजयनं डबा घेतला आणि मोबाइल खिशात टाकला.

भूपेश उठला. गोकुळा त्याची वाट अडवून उभी होती, पण तो तिच्या बाजूनं निघून गेला, तिच्याकडे न पाहता. त्याच्या गळ्यात शिटी लटकत होती.

घरी येईपर्यंत डोक्यावर ऊन आलं होतं. भूपेश घरी आलाच नव्हता, तसाच राखणीवर गेला होता, उपाशी. गोकुळा ओसरीत भिंतीला टेकून बसली. नवरा एकदा गेला होता, आता मुलगा जिवंतपणी गेला असं तिला वाटलं आणि ती रडली, मोकळेपणानं, पदर तोंडात न घालता. आतून भांड्यांचा आवाज आला. रिंकू डबा भरत होती. मग मागच्या दारानं ती निघून गेल्याचं कळलं.

बऱ्याच वेळानं गोकुळा पाणी प्यायला उठली. दाराआडच्या खुंटीकडे तिची नजर गेली आणि तिच्या हातातला पेला खाली पडला. खुंटी रिकामी होती. सरपण फोडायची कुऱ्हाड तिथं नव्हती.

ती धावली. बासष्टाव्या वर्षी, वैशाखाच्या दुपारी, अनवाणी. पायाखाली माती पोळत होती ते तिला नंतर कळलं. रिंकू तिला पाळीच्या चढावर दिसली, डोक्यावर टोपलं, एक हात टोपल्याला. शेवटी तिनं मागून जाऊन तिचा पदर धरला.

रिंकू दचकली. टोपलं खाली उतरवलं. फडक्याखाली डबा होता आणि डब्याखाली दांडा.

"आई, ते दोघं-चौघं उद्यापासून," ती म्हणाली. "आज ते एकटेच आहेत. डोक्यावर टाके आहेत त्यांच्या. मी काय करू? मारासाठी नाई नेऊन राह्यली. दा..."

आणि ती मधेच थांबली. सकाळी सासूच्या तोंडून ऐकलेला शब्द आपल्याच तोंडात आलेला तिला दिसला. ती मटकन खाली बसली आणि टोपल्याकडे भूत दिसल्यासारखी बघत राहिली.

गोकुळाला तिचा राग आला नाही. राग यायला दोघींत वेगळं काही असायला हवं होतं. तिनं सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. मग डबा उचलला आणि फडकं त्याला बांधलं.

"हे तू घरी घेऊन जा. डबा मी नेते."

"अन् ते लोक आले तं?"

"तं मी राहीन त्याच्यासंगं."

एवढं धीराचं बोलून ती निघाली खरी, पण धीर वगैरे काही नव्हता. प्रत्येक झुडपामागे तिला माणूस दिसत होता. भूपेश मोहाच्या झाडाच्या सावलीत पाण्याकडे तोंड करून बसला होता. ती चार पावलांवर असताना रस्त्याकडून मोटारसायकलचा आवाज आला. भूपेश ताडकन उभा राहिला, शिटी ओठात. गोकुळाचा हात आपोआप टोपल्यासाठी कमरेशी गेला. तिथं टोपलं नव्हतं. आवाज जवळ आला, झाडांतून गाडी दिसली. अजय होता. मागे कमलाचा नातू बसलेला, गळ्यात नवी शिटी.

"उद्यापासून कशाले," अजय लांबूनच ओरडला, "आजपासूनच बसतो." दोघं पाळीच्या दुसऱ्या टोकाला गेले.

गोकुळा तिथंच बसली आणि डबा मुलापुढे सरकवला. भूपेशनं डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे नाही.

"काय आहे?"

"भात आहे. वांग्यात टाकलेले झिंगे आहेत."

त्यानं गाठ सोडली. डबा उचलून बाजूला ठेवला, फडकं दोन्ही हातांनी झटकलं, उलटं करून पाहिलं आणि डब्याच्या खालची जमीनही हातानं चाचपली. गोकुळा ते बघत होती. तो आता जन्मभर असंच बघणार, हे तिला समजलं आणि त्यातच तिला सुटल्यासारखं वाटलं.

मग त्यानं डब्याचं झाकण काढलं, त्यात अर्धा भात काढला आणि तिच्यापुढे ठेवला.