कलेजीतल्या गाठी

डॉक्टर बोलतात, आपण माना डोलावतो आणि घरी पोचेपर्यंत सगळं विसरून जातो. आमच्या कोचकोर खोऱ्यात तरी असंच चालतं. तुमच्याकडे वेगळं असेल तर नशीबवान आहात!

त्या दिवशी राजधानीहून आलेल्या डॉक्टर मीरगुल शाळेत तासभर बोलल्या. पडद्यावर आलेख, टक्केवारी, जीभ अडखळेल अशी नावं. पोटात पाण्याची गाठ होते ना, त्या आजारावर त्यांनी आमच्याच गावात तीन वर्षं संशोधन केलं होतं. सगळ्यांत जोरात मान डोलावली ती मेंढपाळ सुयुनबेकने. त्याची सून बेगायम हिच्या यकृतातून तशीच मुठीएवढी गाठ कापून काढली होती.

भाषण संपल्यावर तो डॉक्टरांना आग्रहाने घरी घेऊन गेला. पाहुण्याने तळहात वर करून आशीर्वाद दिल्याशिवाय आमच्यात मेंढी कापत नाहीत. मीरगुलनी तो दिला. मेंढी सोलली, कलेजी बाहेर आली, तर तिच्यावर पांढुरक्या गाठी टरारलेल्या!

"छे, ही घाण पाहुण्यांना कशी वाढायची?" असं म्हणत सुयुनबेकने ती कलेजी कुत्र्यापुढे भिरकावली. त्याचा पाच वर्षांचा नातू एमिल त्याच कुत्र्याच्या गळ्यात पडून खेळत होता.

"अहो, काय करताय हे!" मीरगुल ओरडल्या, धावत गेल्या आणि कुत्र्याने कलेजीला तोंड लावायच्या आत त्याला हुसकलं. "मग तासभर मी कशाला घसा कोरडा केला?"

"बाई, तुम्ही टक्के सांगितलेत. कुत्र्याचं कुठं सांगितलंत?"

"तिसऱ्या आलेखात होतं की!"

चुलीशी बसलेली सुयुनबेकची म्हातारी आई फिस्सकन हसली. "आलेखात होतं म्हणे! पोरी, तीन वर्षं माझ्या नातसुनेचं रक्त नेलंस. त्यातून काय निघालं ते शहरातल्या शहाण्यांना सांगून आली असशील. रक्त जिचं, तिला कोण सांगणार? आम्ही अडाणी नाही गं. आमच्या भाषेत बोल, मग बघ कळतं की नाही!"

मीरगुल वरमल्या. मग तडक गाडीतून सूक्ष्मदर्शक घेऊन आल्या. हातमोजे चढवले, गाठीतला एक थेंब काचेवर ठेवला आणि म्हणाल्या, "बेगायम, आधी तू बघ."

बेगायमने डोळा लावला. "अगंबाई! हे तर हलतंय!"

एकेक करून सगळ्यांनी पाहिलं. एवढ्याशा थेंबात इवले इवले जीव, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हुकांसारख्या वाकड्या आकड्यांचं नाजूक कडं! देवा, केवढी ही कारागिरी, आणि केवढी भयंकर!

"हे कुत्र्याच्या पोटात गेले की त्यांचे जंत होतात," मीरगुल सावकाश सांगू लागल्या. "जंतांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून पडतात, केसांना चिकटतात. त्याला कुरवाळलेला हात तसाच तोंडात गेला की अंडी आपल्या पोटात. मग तिथं गाठ. खराब कलेजी खोल पुरा, कुत्र्याला जंताचं औषध द्या, हात धुवा. माझं तीन वर्षांचं संशोधन ते एवढंच."

सुयुनबेकने नातवाला ओढून छातीशी धरलं. "म्हणजे... माझ्या सुनेच्या पोटात हे मीच घातलं?"

"नाही हो," मीरगुल म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते. "तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी तुम्हाला कळेल असं सांगितलं नाही. दोष माझा आहे."

जेवण तसंच राहिलं. सुयुनबेक कुदळ घेऊन खड्डा खणायला गेला, आणि मीरगुलनी गाडीतल्या सोनोग्राफी यंत्राने एमिलच्या पोटाची तपासणी केली. पोटात एकही गाठ नव्हती! बेगायम हुंदके देत लेकाला कवटाळून बसली.

दुसऱ्या दिवशी शाळेत पुन्हा सभा भरली. या वेळी पडदा नव्हता. बाकावर सूक्ष्मदर्शक होता, शेजारी बेगायम उभी होती, आणि ती आपल्या तोंडाने सगळं सांगत होती. त्या दिवशी मान कुणी डोलावली नाही, सगळ्यांनी प्रश्न विचारले.

मंडळी, ज्याच्या रक्तातून विद्या उभी राहते, त्याला ती कळली पाहिजे. डॉक्टरांनी सोपं करून सांगावं, आणि कळलं नाही तर आपण लाज न बाळगता विचारावं. नुसती मान डोलावण्याची किंमत शेवटी आपलीच लेकरं मोजतात!