टेपच्या पाठीमागचा स्क्रू

भिकन शेजवळ एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होता. जगातलं कुठलंही यंत्र बिघडलं की ते आपल्यालाच शोधत येतं अशी त्याची पक्की समजूत होती, आणि कॉलनीनं ती कधी खोटी पडू दिली नाही. मिक्सर, पंखे, शिलाई मशिनी, झाडून सगळ्यांचा डॉक्टर तोच. फी एक कप चहा. अशा माणसाच्या पोटी धम्मपाल जन्मला. त्याला साधा फ्यूज घालता येत नसे, आणि त्याचा सगळा जीव एका गिटारीत अडकला होता.

गिटार देवळाली कॅम्पातून आली होती, बदली होऊन चाललेल्या एका सुभेदाराच्या मुलाकडून. विजेवरची होती. तिला वेगळा स्पीकर लागतो हे घरी आणल्यावर कळलं. मग भिकननं माळ्यावरचा जुना रेडिओ काढला, दोन वायरी डकवल्या आणि गिटार त्यातून बोलती केली. आवाज असा फाटका आला की भिकननं कपाळाला हात लावला. धम्मपालनं मात्र बापाला मिठी मारली, कारण त्याला तसाच फाटका आवाज हवा होता.

गाणी मिळायची नाशिकरोडला, वाल्मीकच्या दुकानात. कोरी कॅसेट द्यायची, काय हवं ते सांगायचं, चार दिवसांनी भरून न्यायची. धम्मपाल रॉक आणि मेटलखेरीज काही सांगत नसे. ही इंग्रजी आदळआपट भिकनला कळायचं काही कारण नव्हतं, पण ती त्याला पहिल्याच दिवशी कळली. त्याचा उभा जन्म असल्याच आवाजात गेला होता. एक गाणं ऐकून तो म्हणाला, "ही तर आमची कोल मिल." कोल मिल म्हणजे बॉयलरसाठी कोळसा दळणारी अजस्र गिरणी. दुसरं एक संथ, एका लयीत सरकणारं होतं, त्याचं नाव पडलं कन्व्हेयर, म्हणजे कोळसा वाहून नेणारा पट्टा. तिसऱ्यात गायक मध्येच असा किंचाळायचा की भिकन हात वर करून म्हणायचा, "उडाला सेफ्टी व्हॉल्व्ह." ही नावं घरात रूढ झाली. खरी नावं कॅसेटच्या खोक्यावरच राहिली.

संध्याकाळी बापलेक पलंगावर बसून निवड करायचे, कोणतं गाणं शिकायचं आणि कोणतं सोडायचं. कॅसेट लावायची आणि धम्मपालनं सोबत वाजवत सुटायचं. बोटं मागे पडली की गाणं बाद. बरीच बाद झाली. सेफ्टी व्हॉल्व्ह गेलं आणि त्याआधी कोल मिल गेलं. धम्मपालचं सगळ्यात लाडकं तेच होतं. बाद करूनही तो दर दोन दिवसांनी ते पुन्हा लावायचा, पुन्हा मागे पडायचा आणि गिटार बाजूला ठेवून बोटांकडे बघत बसायचा.

शहाण्णव साली धम्मपाल बारावीला नापास झाला. त्याच आठवड्यात पलीकडच्या क्वार्टरमधला एक मुलगा निकाल घेऊन आला, आणि कोळशाच्या गाड्या येतात त्या रुळांकडे गेला तो परत आला नाही. भिकन त्याला खांदा देऊन घरी आला, तर आपलं पोरगं भिंतीकडे तोंड करून पडलेलं. शेजारी ताट, सकाळी वाढलं होतं तसंच.

"जेव रे," भिकन म्हणाला.

"मला काहीच जमत नाही पप्पा," धम्मपाल भिंतीलाच म्हणाला. "अभ्यास तर नायच. ते कोल मिल पण नाय. बोटंच नाहीत तेवढी माझ्याकडं."

भिकननं कामावर काय काय पाहिलं होतं. बॉयलरची नळी फुटताना तो दहा पावलांवर होता, तरी असा घाबरला नव्हता. दुसऱ्या दिवशीही ताट तसंच परत गेलं. तिसऱ्या दिवशी त्यानं धम्मपालला बळंच दळण आणायला पाठवलं, बायको विमलाबाई नळावर गेली, आणि त्यानं टेपरेकॉर्डर उघडला.

टेपच्या मोटरला पाठीमागे एक बारीक भोक असतं. आत स्क्रू. तो फिरवला की टेप जलद किंवा हळू चालतो. भिकननं तो केसभर फिरवला आणि झाकण लावून टाकलं. कुणाला काही कळलं नाही. चार दिवसांनी आणखी केसभर. असं करत करत त्यानं ती कोळशाची गिरणी धम्मपालच्या बोटांना झेपेल इतकी खाली आणली.

टेप हळू झाला की सूरही उतरतो. गिटार कॅसेटशी जुळेना, तेव्हा धम्मपालला वाटलं, तारा फिरताहेत. त्यानं त्या कॅसेटबरोबर खाली उतरवल्या. ढिली तार बोटाला हलकी लागते, तोही फायदाच झाला. गायकांचे आवाज मुळातच पाताळातून येणारे, ते आणखी खाली गेले तर कळणार कुणाला? उलट धम्मपाल बापाला समजावून सांगायचा की कान सरावले की हे संगीत आणखी हेवी वाटायला लागतं. भिकन मान डोलवायचा.

संशय आला तो फक्त विमलाबाईला. तिची बाबासाहेबांच्या गाण्यांची एक कॅसेट होती, ती रविवारी निवडणं-टिपणं करताना लावायची. एकदा ती सूप थांबवून म्हणाली, "याला सर्दी झाली वाटतं."

"हवा पावसाळी हे," भिकन म्हणाला.

कॅसेटमधल्या माणसाला पावसाळी हवा बाधते हे ऐकून विमलाबाई हसली, आणि विषय तिथंच संपला.

ज्या दिवशी धम्मपालनं कोल मिल पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता वाजवलं, त्या दिवशी तो स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला आणि त्यानं तीन भाकरी खाल्ल्या. भिकन दारात उभा राहून बघत होता. त्याला एवढंच हवं होतं. पोरगं रुळांकडे जात नव्हतं, पोरगं भाकरी मागत होतं.

आता कुणी म्हणेल, हा शुद्ध मूर्खपणा. पण भिकन मूर्ख नव्हता. यंत्र आधी हळू चालवून मग वेगाला आणतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचा बेतही तोच होता. जसा केसाकेसानं उतरवला तसाच केसाकेसानं चढवायचा. एकदा त्यानं सुरुवातही केली. त्याच संध्याकाळी धम्मपालनं गिटार खाली ठेवली. "आज बोटं चालत नाहीत," म्हणाला आणि जेवला नाही. सकाळी भिकननं स्क्रू होता तिथं नेऊन ठेवला. पुढल्या महिन्यात बघू, त्यानं ठरवलं. पुढल्या महिन्यातही तेच ठरवलं. असं ठरवण्यात वर्षं गेली.

नव्व्याण्णवच्या दिवाळीनंतर वाल्मीकच्या दुकानात एक कागद चिकटला. गंगापूर रोडच्या मुलांच्या बँडला गिटारवाला हवा होता. त्यांना पुण्यात, मुंबईत कार्यक्रम मिळू लागले होते. इकडे विमलाबाईच्या भावानं, सहादूनं, भाच्यासाठी सिन्नरच्या एका कारखान्यात प्रेस मशिनवर काम बघून ठेवलं होतं. घरात ठरलं ते असं: बँडनं घेतलं तर सिन्नर रद्द. नाही घेतलं तर सोमवारपासून सिन्नरची जीप, आणि गिटारीचं नाव काढायचं नाही. धम्मपालनं हे हसत कबूल केलं, इतकी त्याला खात्री होती.

एकच गाणं वाजवायचं होतं, ज्यानं त्यानं आपलं निवडायचं. बापलेक पुन्हा पलंगावर बसले.

"कन्व्हेयर घे," भिकन म्हणाला. ते मुळातच संथ होतं. खऱ्या वेगातही ते धम्मपालच्या हाताबाहेर गेलं नसतं.

"ते कुणी पण वाजवेल पप्पा. कोल मिल घेतो."

"ऐक माझं. कन्व्हेयर लय चांगलं बसलंय तुझं."

"कोल मिल नाही बसलं? चुकतं का कुठं?"

चुकत नव्हतं. एक सूर इकडचा तिकडं होत नव्हता. सांगून टाकायची वेळ हीच होती आणि भिकननं तोंड उघडलंही. पण समोर पोराचा चेहरा लखलखत होता. निकालानंतर असा चेहरा त्यानं पाहिला नव्हता. बँडची चार पोरं आहेत, त्यांच्यातलाच एक समजून घेतील सांभाळून, त्यानं स्वतःला सांगितलं. बाकी कशाच्याही बाबतीत तो असा आंधळा भरवसा ठेवणारा माणूस नव्हता.

"घे," तो म्हणाला. "कोल मिलच घे."

त्या रविवारी तो स्वतः स्कूटरवरून धम्मपालला घेऊन गेला. बंगल्याच्या गॅरेजमध्ये बँडचा पसारा होता. ओम नावाचा, मुख्य दिसणारा मुलगा अदबीनं म्हणाला, "काका, आत बसा ना." भिकन बाहेर स्कूटरपाशीच थांबला. खिडकी उघडी होती, सगळं ऐकू येत होतं.

"तुझी गिटार खाली लागलीय रे बरीच," ओम म्हणाला. "कायम अशीच लावतोस?"

"स्कूटरवर उतरली असेल," धम्मपाल म्हणाला. तारा चढवल्याचा आवाज आला.

मग ड्रमवाल्यानं काठ्यांवर चार मोजले. मोटरचा वेग नुसत्या कानानं सांगणाऱ्या भिकनला त्या चार ठोक्यांतच कळलं. त्यानं स्कूटरचं हँडल घट्ट धरलं. आत गाणं सुरू झालं, धम्मपाल मागे पडला, गाणं थांबलं. "सॉरी, परत," धम्मपालचा आवाज. परत सुरू, परत थांबलं. तिसऱ्यांदा तर दोन ओळीही गेल्या नाहीत.

"जरा हळू घेऊ या का?" धम्मपालनं विचारलं.

"हळू? अरे, मूळ गाण्याचा वेगच हा आहे. थांब, ऐकवतो." ओमनं सीडी लावली.

गिरणी पूर्ण वेगानं सुटली. भिकनला ती ओळखू आली आणि आलीही नाही. गायक चांगला तरणाताठा निघाला, पाताळातला वगैरे अजिबात नव्हता. गाणं शेवटपर्यंत वाजलं. मग ओमच बोलला. पोरगा वाईट नव्हता.

"हात एकदम स्वच्छ आहे तुझा. पण तू हे असं ऐकलंस तरी कुठं?"

धम्मपाल गिटार उचलून बाहेर आला.

परतताना गिटार दोघांच्या मधे होती. द्वारका चौकाच्या पुढं आल्यावर धम्मपाल म्हणाला, "मला ऐकताच येत नाही पप्पा. इतकी वर्षं रोज ऐकतोय, अन् एवढंही कळलं नाही. माझा कानच नाय."

भिकननं गिअर बदलला. तुझा कान शाबूत आहे, माझं चुकलं, इतकंच म्हणायचं होतं. एकलहरे आलं तरी त्याच्या तोंडून ते निघालं नाही.

धम्मपाल पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला. ताटं पुन्हा परत जाऊ लागली. सिन्नरला जायचा सोमवार आला आणि गेला, सहादूनं आणखी आठवड्याची मुदत मागून घेतली. भिकनला कामावर उभं राहवेना. रोज घराच्या वळणावर आला की आधी दारात गर्दी तर नाही ना ते बघायचा. एके दिवशी धम्मपाल आंघोळीला गेलेला बघून त्यानं टेप उघडला आणि स्क्रू मूळ जागी नेला. आता तरी त्याला खरं ऐकू दे, एवढाच त्यात हेतू होता. पण धम्मपालनं टेपला हात लावला नाही.

लावला तो विमलाबाईनं. रविवार होता, ती तांदूळ निवडायला बसली होती. भिकन दारात स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं डबीतले स्क्रू वेगळे करत होता. गाणं सुरू झालं, आणि विमलाबाई खुशीत म्हणाली, "अगं बाई, गेली की याची सर्दी."

पलंगावर धम्मपाल उठून बसला. त्यानं अख्खं कडवं ऐकलं. ज्याला ऐकताच येत नव्हतं, त्याला तेवढ्यात सगळं ऐकू आलं. त्यानं टेपकडे पाहिलं, मग बापाच्या हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"बारावीच्या निकालापासून," भिकन म्हणाला.

"म्हणजे तेव्हाच ठरवलं होतं तुम्ही. मला नाय जमणार."

असं कधी भिकनच्या मनातही आलं नव्हतं. निदान त्याला तसं वाटत होतं. पण आता पोराच्या तोंडून ऐकल्यावर त्याला नाही म्हणता येईना. बाकी कशालाही त्यानं उत्तर दिलं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी त्या त्यानं आनंदानं खाल्ल्या असत्या.

"तू जेवत नव्हतास रे," तो म्हणाला.

विमलाबाई दोघांकडे बघत राहिली. धम्मपाल उठला, त्यानं हात धुतले आणि पाटावर येऊन बसला. "वाढ," आईला म्हणाला. तिनं वाढलं. तो बापाकडे बघत जेवला, सावकाश, शेवटच्या शितापर्यंत. मग ताट उचलून स्वतः घासलं आणि जागेवर ठेवलं.

सोमवारी तो सिन्नरच्या जीपमध्ये बसला. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. टेप भंगारात गेला, गिटार माळ्यावर आहे, भिकन रिटायर झाला. धम्मपाल अजून त्याच कारखान्यात आहे. गाणं कुठलंच ऐकत नाही, जीपमध्ये लागलं तर खिडकीबाहेर बघतो. त्या रविवारपासून त्यानं एकही जेवण चुकवलेलं नाही, आणि डबा रोज चाटून पुसून रिकामा येतो. आमचा धम्मा ताटाला कधी नाही म्हणत नाही, असं विमलाबाई शेजारणींना कौतुकानं सांगते. भिकन तेवढ्यापुरता उठून बाहेर जातो.