खारट पाऊस

आमच्या बेटावर पाऊस मोजायचं काम माझ्याकडे, म्हणजे आरितिताकडे आहे. सकाळी शाळेमागच्या मापकात किती पाणी साचलं ते बघायचं आणि रेडिओवरून राजधानीच्या बेटावर, तारावाला, कळवायचं. त्या वर्षी मी कित्येक महिने शून्यच कळवत होते. विहिरी मचूळ झाल्या, खड्ड्यांतल्या अळूची पानं पिवळी पडली, नारळ कोवळेच गळायला लागले.

आणि एका सकाळी मापकात चक्क पाणी! आभाळ तर कोरडं ठणठणीत. मी बोट बुडवून चाटलं. खारट.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी केवड्याआड जाऊन बसले. करवंटी सांभाळत आली ती नेई ब्वाकोआ, माझ्या नवऱ्याची मावशी.

"मावशी, हे काय चाललंय?"

ती दचकली, मग माझ्यावरच डाफरली. "रोज उठून शून्य सांगतेस, जीभ कशी रेटते तुझी? थोडा पडला म्हण की! तुझं काय जातं?"

"अगं, मग पाण्याची बोट कशी येईल? आणि हे तुझं प्यायचं विहिरीचं पाणी ना?"

"नकोच ती बोट!" ती मटकन खाली बसली.

तिच्या लहानपणी त्यांचं बेट असंच सुकलं होतं. सरकारी बोट आली आणि अख्खं गाव उचलून दूर सॉलोमनला घेऊन गेली. लग्न होऊन ती इथे आली ती पुढे.

"आई त्या जुन्या बेटावरच राहिली, वाळूत पुरलेली," ती म्हणाली. "आता तिच्याजवळ कोणी नाही. इथे माझा नवरा आहे. त्याला टाकून मी नाही जायची."

मी तिला हाताला धरून रेडिओच्या खोलीत नेलं. शून्य कळवलं आणि माइक तिच्या हातात दिला.

"ए पोरा!" ती ओरडली. "तुमची बोट पाणी द्यायला येणार, की माणसं न्यायला?"

पलीकडे तारावाचा रेडिओवाला तिओती होता. आधी हसला, मग हसू आवरून म्हणाला, "पाणी द्यायला, आजी. माणसं नाही नेणार."

"आईची शपथ घे."

"आईशप्पथ."

बोट आली तेव्हा सगळं गाव किनाऱ्यावर धावलं. मावशी मात्र नवऱ्याच्या थडग्याशी चटई टाकून बसून राहिली. बोट परत फिरल्यावर मी तिच्यासाठी पाणी घेऊन गेले.

"किती जण गेले?"

"कोणीच नाही गं."

तिचा विश्वास बसेना. काठी टेकत ती घरोघर गेली, मी पेला घेऊन मागोमाग; तिने एकेकाला नावाने हाक मारली, प्रत्येकाची ओ ऐकली. मग माझ्या हातातला पेला घेतला आणि घटाघट प्यायली.