सुटं टोक

पोटरी

"काय गं, मुलगा की मुलगी?" खाटेवर पसरलेल्या भावाने विचारलं.

"गाढव," ताई म्हणाली. "गप पड. पाय सैल सोड."

परवाच प्लास्टर निघालं होतं आणि पाय टम्म सुजला होता. सोनोग्राफीच्या या खोलीत ताईचं निम्मं आयुष्य गेलेलं. आज पहिल्यांदाच तिने रांग मोडून कुणाला आत घेतलं होतं.

गुडघ्यामागे

शीर शोधायची, वरून दाबायची. निरोगी शीर ओल्या कागदासारखी चपटी होते. शेजारची धमनी मात्र दाद देत नाही. रक्ताची गुठळी अडकली असेल, तर शीरही चपटी होत नाही.

झाली नाही.

"बायको म्हणते, लोळून लोळून सुजलाय."

"खरंच बोलते ती."

मांडी

इथेही नाही. ताईचा हात वर सरकत राहिला.

जांघ

मांडीतल्या शिरा इथे एक होतात आणि ओटीपोटात शिरतात. पडद्यावर गुठळीचं टोक दिसलं. सुटं, पाण्यातल्या शेवाळासारखं डुलणारं. असं टोक दिसलं की हात उचलायचा, डॉक्टरांना हाक मारायची. नव्या पोरींना ती स्वतः बजावायची: दाबाल तर तुटेल.

पण त्या पोरींपुढे परके पाय असत. आपला हात तिरका पडला असेल, असं तिला वाटलं. वाटावंसं वाटलं.

तिने पुन्हा दाबलं.

ओटीपोट

पडद्यावर टोक नव्हतं.

ओटीपोटातल्या रुंद शिरेतून ते वर, काळजाकडे, काळजातून फुप्फुसात.

"ताई, दम... खिडकी उघड गं."

खोलीला खिडकी नव्हती.

डॉक्टर धावत आले. त्याची छाती दाबून दाबून घामाघूम झाले. मग थांबले.

बाक

"आज ना उद्या सुटलीच असती ती गुठळी," डॉक्टर हात पुसत म्हणाले. "बाहेर जास्त बोलू नकोस. मी सांगतो."

"मी सांगते."

भावजय दाराबाहेरच्या बाकावर बसली होती. ताई शेजारी बसली आणि तिने सगळं सांगितलं. पुन्हा दाबलं, तेही.

भावजय रडली नाही. "का पण?" एवढंच म्हणाली.

"खरं वाटेना गं."

भावजयीने मांडीवरची पिशवी उचलली आणि दोघींच्या मध्ये ठेवली. ताई उठली नाही.