बाहेर गेलेला नंबर

माझा फोन बंद होता म्हणून निरोप देता आला नाही, असं तुम्ही मला कळवलंत. माझ्या भावाच्या फोनवर त्याच निरोपाखाली तुम्हीच ‘पोहोचला’ असं दाखवलंत. बंद फोनवर निरोप पोहोचत नाही, हे मलाही कळतं. तुम्ही तर फोनची कंपनी, त्याच धंद्यात आहात. तुम्ही खोटं बोललात. कुठल्या तोंडानं बोललात ते मला ठाऊक नाही, कारण तुमचं तोंड मी पाहिलेलं नाही. तुमच्या वतीनं जे तोंड मला बघावं लागलं, ते माझ्या धाकट्या भावाचं होतं.

मी परदेशात एका घरी म्हाताऱ्या बाईंची देखभाल करते. त्यांना अंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची, चादरी धुवायच्या. रविवारी दुपारी आजी झोपल्या की मला सुट्टी. त्या रविवारीही मागच्या खोलीत पाय वर घेऊन बसले आणि घरी फोन लावला. धाकट्यानं उचलला.

“अरे, बाबांना दे. मागच्या वेळी स्वेटरचा रंग सांगितला नाही म्हणून रुसले होते. गेला का राग?”

पलीकडं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“झोपलेत का?”

“ताई, नाटकं बंद कर.”

“कसली नाटकं?”

“वर कसली म्हणून विचारतेस. बाबा पडले, दवाखान्यात आहेत, तुला विचारताहेत, फोन कर. तीन मेसेज टाकले. तिन्ही पोहोचले. एकाचं तरी उत्तर दिलंस?”

“अरे, मला एकही...”

“पोहोचलेत, ताई. मी त्याच कंपनीत काम करतो. मला नको शिकवूस.”

“बरं, पण बाबा कसे आहेत?”

“गुरुवारी गेले,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

धाकटा तुमच्याकडेच नोकरीला आहे. त्याच्या खोलीत भिंतभर बोर्ड आहे. निरोप नीट जात असले की तो हिरवा, तुंबले की लाल. आमच्या घरात फोनचा विषय निघाला की त्याचा शब्द शेवटचा. मी जायला निघाले तेव्हाही त्यालाच विचारलं होतं. त्या घरात दिवसा फोन बंद करून कपाटात ठेवावा लागतो, संध्याकाळी काम आटपलं की चालू करायचा. फोनही साधा, बटणांचा. आजारी माणसाजवळ कॅमेऱ्याचा फोन त्यांना चालत नाही. नंबर मात्र मी आपल्याकडचाच ठेवला, कारण बाबांना तेवढा एकच पाठ होता. म्हटलं, दिवसभर फोन बंद, मग घरचा निरोप मला यायचा कसा?

तेव्हा तो हसला होता. “ताई, तुझ्या नंबरचं माहेर इथं, आमच्या कंपनीत. तिकडची कंपनी म्हणजे सासर. तुला कुणी निरोप टाकला की तो आधी माहेरी येतो. माहेर विचारतं, आमची पोरगी आहे का तुमच्याकडे? सासर म्हणतं, आहे, पण झोपलीय. मग निरोप माहेरीच बसून राहतो. तू फोन चालू केलास की सासर कळवतं, उठली बरं का, पाठवा आता.”

“म्हणजे या सासरी तरी माझी विचारपूस होणार म्हणायची.”

माझ्या पहिल्या सासरची कथा घरात सगळ्यांनाच माहीत. बाबासुद्धा हसले होते.

मी घरी पोहोचले तेव्हा बाबांची खाट उभी करून भिंतीला लावून ठेवलेली होती. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला तो माझ्याकडे न बघता. काकूंनी मात्र बघितलं, वरपासून खालपर्यंत.

“तिकडं दुसऱ्याच्या आईची कूस बदलते रोज,” दोन दिवसांनी भेटायला आलेल्या बायकांना त्या सांगत होत्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं. “बापाला एक फोन करायला सवड नाही. आम्ही म्हटलं, असू दे, तिनं वाचलंय, तिला पाझर फुटला तर करेल. आपण कशाला पाया पडायचं?”

“काकू, मला निरोप मिळालाच नाही.”

“मग आमचा पोरगा खोटं बोलतो होय? त्याच्या फोनवर लिहिलंय. मी स्वतः वाचलंय, चष्मा लावून.”

धाकटा तिथंच होता. त्यानं मान खाली घातली. मला वाटलं, बहिणीची लाज वाटते म्हणून घातली.

मलाही वाटत होती. मिळालाच नाही, मिळालाच नाही असं म्हणत मी माझ्यावरच संशय घ्यायला लागले. झोपेत बटण दाबून पुसला असेन का? वाचून विसरले तर नसेन? आजींच्या खोलीत मी फार खूश होते का, म्हणून घर आठवलं नसेल? माणसं भेटायला आली की मी पाणी घेऊन निघायचे आणि दारातून परत फिरायचे. सगळ्यांच्या आधी उठून अंघोळ उरकायची, म्हणजे मोरीच्या दाराशी कुणाची नजर नको. बाबांसाठी रडायला बसले तरी काकू खाकरायच्या, आणि माझं रडणंही मला खोटं वाटायला लागायचं.

शेवटी तुमच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीनं ऐकून घेतलं, तक्रार टाकली. काही दिवसांनी तुमचं उत्तर आलं. त्या वेळी आपला फोन बंद असल्यामुळे निरोप देता आला नाही, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी.

धाकटा गॅलरीत चादरी वाळत घालत होता.

“तुझा फोन दे जरा.”

“कशाला?”

“दे तर.”

दोन्ही फोन मी कठड्यावर शेजारीशेजारी ठेवले. “हे तुझ्या कंपनीनं तुला दाखवलं. हे तुझ्याच कंपनीनं मला कळवलं. दोन्ही खरं कसं असेल? मला नको शिकवूस म्हणाला होतास. आता तू शिकव.”

त्यानं वाचलं. मग हातातली चादर पिळत राहिला. तिच्यातलं पाणी केव्हाच निथळून गेलं होतं.

“बोल की.”

“बाहेरच्या नंबरांची लाइन साफ करायची ऑर्डर होती.”

“कसली लाइन?”

“परदेशात गेलेल्यांचे मेसेज. तिकडं फोन बंद असला की ते आमच्याकडे थांबून राहायचे, साठत जायचे. बोर्ड लाल व्हायचा. मोठे साहेब म्हणाले, यात निम्म्या जाहिराती असतात, कोण वाट बघत बसलंय. बाहेरच्या नंबरानं पहिल्या फटक्यात घेतला नाही तर टाकून द्या.”

“आणि ‘पोहोचला’ हे काय?”

“न पोहोचल्याचा आकडा वरच्या ऑफिसात जातो ना. तिथं वाईट दिसतं. म्हणून टाकून दिला तरी पाठवणाऱ्याला पोहोचला दाखवायचं.”

“कोण दाखवतं?”

“मशीन.”

“मशीनला सांगितलं कुणी?”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं. ती वळेपर्यंत तो तिकडंच बघत राहिला.

“मोठे साहेब मागं उभे होते,” तो म्हणाला. “टाइप मी केलं.”

“बाबा पडल्यावर?”

“आधी. बरंच आधी.”

“म्हणजे मला निरोप टाकलास तेव्हा तुला माहीत होतं.”

“नाही गं ताई. डोक्यातच आलं नाही. आमच्यासाठी ते बाहेरचे नंबर. नुसते आकडे. तू त्यांच्यातली आहेस हे... तू घरची ना. तुझा मेसेज मी लाइनीत धरलाच नाही.”

मला राग यायला हवा होता. पण त्याचा ओठ लहानपणी थरथरायचा तसाच थरथरत होता, आणि मी त्याच्या हातातून चादर काढून घेतली.

“आत्ता कळलं तुला?”

“तू आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. ऑफिसात जाऊन बघितलं. तिन्ही टाकून दिलेले.”

“आणि काकू बोलत होत्या तेव्हा?”

“बाहेर बोललो तर नोकरी जाईल, ताई. तसं लिहून दिलंय.”

“बाहेर नको बोलूस. घरात बोल. आई आत आहे, काकूही आहेत. त्या तुला बाहेरच्या वाटतात का?”

तो आत गेला. उभ्या खाटेशेजारी उभा राहून त्यानं सगळं सांगितलं. मोठ्या साहेबांचं सांगितलं, त्यापेक्षा स्वतःचं जास्त सांगितलं.

“म्हणजे कंपनीनं खोटं लिहिलं?” काकूंनी विचारलं.

“मी लिहिलं, काकू.”

काकूंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होत्या. मग पाय ओढून घेऊन सतरंजीवर माझ्यापुरती जागा केली. मी बसले. मला वाटलं, झालं, सुटले.

आईनं एकच विचारलं. “म्हणजे दवाखान्यात यांना सांगितलंस, तेही?”

धाकटा भिंतीला पाठ लावून खाली सरकला, उकिडवा बसला.

“काय सांगितलं?” मी म्हणाले. “आई, काय सांगितलं?”

“सारखे विचारत होते, ताईला कळवलं का. हा म्हणाला, तिला कळलंय बाबा, पोहोचलंय. यांचा विश्वास बसेना. म्हणाले, दाखव. यानं फोन डोळ्यांसमोर धरला. वाचलं त्यांनी. मग पुन्हा तुझं नाव काढलं नाही. कूस बदलून निजले.”

मी रोज परक्या बाईंची कूस बदलते. माझ्या बापानं ती स्वतः बदलली, भिंतीकडं. काकूंची समजूत काढता आली, शेजारणींचीही काढता येईल. ज्याची काढायची होती तो, मुलीनं वाचून टाळलं असं समजून गेला. तिथं कुठलंच मशीन काही दुरुस्त करणार नाही.

“उद्या कामावर गेलास की पहिलं ते बंद कर,” आई त्याला म्हणाली.

“मला नाही बंद करता येत, आई. त्याला वरून ऑर्डर लागते.”

“सुरू करायला लागली नाही का?”

“तेव्हा तोंडी दिली होती.”

दुसऱ्या दिवशी त्यानं ती मागितली. तेव्हापासून रोज मागतो आहे. मोठे साहेब म्हणतात, बघू. मी परत कामावर आले आहे. इथं माझ्यासारख्या कितीतरी जणी आहेत. आम्ही संध्याकाळी कपाटातून फोन काढतो, चालू करतो, काही आलेलं नसतं, आणि घरी सगळं ठीक असणार असं समजून जेवायला बसतो.

हे लिहू का, असं मी धाकट्याला विचारलं. तो म्हणाला, लिही, माझं नाव घाल. मी घातलेलं नाही. नाव त्याचं नको आहे.

माझ्या भावानं आईसमोर, काकूंसमोर, बापाच्या रिकाम्या खाटेसमोर मान खाली घालून ‘मी लिहिलं’ असं म्हटलं. त्याच्या मागं उभं राहून ज्यांनी ते लिहून घेतलं, त्यांनी आजवर कुणासमोर मान खाली घातली आहे? आणि ते बंद करायची ऑर्डर कोण, कधी देणार आहे? या दोन गोष्टींचं उत्तर मला हवं आहे. फोनवर पाठवू नका. माणूस पाठवा. घरी आई आहे.