चित्रात नसलेली पुस्तकं

मित्रांनो, मी एक जुनी झलकपेटी आहे. नाव ऐकून बुचकळ्यात पडू नका. माझ्या एका बाजूला डोळे लावायची जागा आहे, दुसऱ्या बाजूला चित्राचं कार्ड सरकवायची खाच आणि पोटात एक दिवा. खटका दाबला की दिवा लागतो आणि पापणी लवायच्या आत विझतो. तेवढ्यात जे दिसेल ते माणसाने सांगायचं.

माझा जन्म विद्यापीठाच्या सुतारकामाच्या खोलीत झाला. सुतारकाकांनी फळ्या तासल्या, खिळे ठोकले, कडांवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "घे गं घाईबाई, तुझी पेटी. निदान हिला तरी आपटू नकोस."

घाईबाई म्हणजे मानसशास्त्र विभागातली नवी संशोधक. तिचं बाळ लहान होतं. त्याला शेजारच्या काकूंकडे ठेवून ती धावत यायची आणि धावतच परत जायची. म्हणून सगळ्यांनी हे नाव पाडलं होतं.

विभागात तेव्हा उंदरांचं राज्य होतं. कळ दाबली की दाणा मिळतो, हे उंदीर किती वेळात शिकतो ते मोजायचं. विभागप्रमुखांना सगळे मोठे सर म्हणत. ते सांगायचे, "जे बाहेरून दिसतं आणि मोजता येतं, तेच शास्त्र. डोकं म्हणजे बंद खोली. आतल्या चौकशा आपण करायच्या नाहीत." या विचाराला वर्तनवाद म्हणत, आणि त्यातून पुष्कळ काही कळलंही होतं. पण घाईबाईला ओढ नेमकी त्या बंद खोलीची.

"सर, आता यंत्रंसुद्धा आकडे लक्षात ठेवायला लागलीत," ती म्हणाली. "त्यांच्या पोटात काय चालतं ते आपण विचारतो. मग माणसाच्या डोक्यात काय चालतं ते का नाही विचारायचं?"

"विचार की. पण मला पटवून दाखव," सर म्हणाले. "सोमवारी येतो. नाही पटलं, तर या पेटीच्या फळ्या पिंजऱ्यांना लावू आणि तू उंदरांकडे लाग."

ऐकून माझे खिळे ढिले झाले. उंदरांशी माझं काही वैर नाही, पण ते फळ्या कुरतडतात हो.

सोमवारी सर आले. डोळ्यांना सवय व्हावी म्हणून घाईबाईने पहिलं चित्र त्यांच्याच खोलीचं काढलं होतं. बाळ मांडीवर घेऊन काढलेलं. सरांनी डोळे लावले, तिने खटका दाबला.

"टेबल," सर म्हणाले. "खुर्ची. दिवा. मागच्या कप्प्यात माझी पुस्तकं, कडेचं एक कललेलं. ते खरंच तसं असतं. छान काढलंस."

घाईबाईने कार्ड बाहेर ओढलं आणि तिचा चेहरा उतरला. कप्पा कोरा होता. ऐन वेळी बाळ रडायला लागलं, ती उठली, आणि पुस्तकं काढायचीच राहून गेली होती.

"सर, चूक झाली माझी. पुस्तकं राहिलीच."

"राहिली कशी? मी पाहिली ना."

सरांनी कार्ड खिडकीशी नेलं. चष्मा पुसला. कार्ड उलटून मागची बाजूही पाहिली.

"मग कुठे पाहिलीत, सर?" घाईबाईने हळूच विचारलं.

मला वाटलं, भरल्या आपल्या घटका. पण सर सच्चा माणूस. त्यांना हसू फुटलं. "बंद खोलीत," ते म्हणाले. "पिंजऱ्यांना दुसऱ्या फळ्या शोधा. आणि तू हे कार्ड आणखी माणसांना दाखव. एकटा मी फसलो म्हणून शास्त्र होत नाही."

मग काय विचारता! माझ्यासमोर रांगा लागल्या. शिंपी आले, परिचारिका आल्या, सुतारकाकाही आले. कितीतरी जणांनी त्या रिकाम्या कप्प्यात पुस्तकं पाहिली. जगात इतर ठिकाणीही माणसं असेच प्रश्न विचारत होती. आपण लक्ष कसं देतो? लक्षात काय राहतं? विसरतो का? या शास्त्राला बोधात्मक मानसशास्त्र असं नाव मिळालं. आज तुमचा धडा छोट्या छोट्या भागांत शिकवतात, रस्त्यावरची पाटी मोजक्या शब्दांत लिहितात, 'मी डोळ्यांनी पाहिलं' म्हणणाऱ्याचं बोलणंही पुन्हा तपासून घेतात. त्यात या अभ्यासाचा हात आहे.

सरांनी ते कार्ड चौकट करून आपल्या खोलीत लावलं. येणारे पाहुणे त्यावर ओझरती नजर टाकून म्हणायचे, "वा, पुस्तकं काय हुबेहूब!" सर मिशीतल्या मिशीत हसायचे.

पुढे संगणकाचे पडदे आले आणि माझी गरज संपली. आता मी जिन्याखाली असते. माझ्या डोक्यावर कुंडी आहे. झाडाला पाणी घातलं की माझी आपोआप अंघोळ होते. घाईबाई आता आजी झाली आहे. ती कधीतरी येऊन मला पुसते, आणि अजूनही घाईघाईतच.

मित्रांनो, एवढं ऐकून तुमच्या मनात माझं चित्र उभं राहिलं असेल. मग सांगा पाहू, माझा रंग कोणता? तपकिरी म्हणालात ना? मी तर तो सांगितलाच नव्हता. खरा रंग बघायला एकदा जिन्याखाली या. कुंडी जरा बाजूला ठेवा, आणि येताना एक कोरडं फडकं तेवढं आणा.